कोणत्या धाग्याला पाणी चालतं?
गालिचे, घोंगड्या, सतरंज्या : वाचकांच्या शंका

नवरात्राच्या आधी घरं झाडायला निघतात, माळ्यावरच्या वळकट्या खाली येतात आणि या सदराकडे पत्रं येऊ लागतात. या वेळच्या पत्रांत कापूस, लोकर, ताग, काथ्या असे सगळे धागे आहेत. पण बहुतेक तक्रारींचं मूळ एकच दिसतं. धागा कोणता आहे हे न बघता त्याला पाणी दाखवलं गेलं, किंवा पाण्याच्या जागी तो अंथरला गेला. म्हणून उत्तरांआधी थोडक्यात सांगते. कापूस ओला झाला की उलट बळकट होतो. लोकर ओली झाली की थोडी दुबळी होते, पण पाणी सोसते, तिला गरम पाणी आणि घासणं सोसत नाही. तागाला पाणी वर्ज्यच समजा. काथ्या पाण्याला सर्वांत कमी भितो. आणि ‘सिल्क’ म्हणून विकला जाणारा व्हिस्कोस ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते. घरात काय घ्यायचं हे ठरवताना रंग आणि नक्षी नंतर बघा, आधी ती जागा किती ओली, किती उन्हाची, किती वावराची आहे ते बघा.

*

प्रश्न : आम्ही ठाण्यात खाडीच्या बाजूला राहतो. हॉलसाठी तागाचा मोठा गोल रग घेतला होता. दिसतो छान, पण पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो. एकदा ग्लासभर पाणी सांडलं, तिथे तपकिरी कडेचा डाग राहिला. ओल्या फडक्याने पुसला तर तो आणखी पसरला. आता घरात रांगतं बाळ आहे. रग ठेवावा की काढून टाकावा?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डाग पाण्याबरोबर आलेला नाही, तो तागाच्या आतूनच वर आला आहे. लांबसडक दिसणारा तागाचा धागा खरं तर दोन-तीन मिलिमीटरच्या पेशी एकमेकींना चिकटून झालेला असतो, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या द्रव्यात लिग्निन भरपूर असतं. पाणी पडलं की आतली तपकिरी द्रव्यं विरघळतात, ओलीबरोबर कडेपर्यंत जातात, आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच बसतात. म्हणून डागाचा मधला भाग फिका आणि कड गडद. तुम्ही ओल्या फडक्याने पुसलंत तेव्हा ती कड फक्त पुढे सरकली. याच ओलीने पेशींची चिकटण सैल होते, म्हणून भिजलेला ताग ओढला की तुटतो.

आता उपाय. एक वाटी पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. पांढरं सुती फडकं त्यात बुडवून घट्ट पिळा आणि डागाच्या बाहेरून आत टिपत या. घासायचं नाही. डागाच्या आजूबाजूचा भागही तितकाच हलका ओलसर करा, म्हणजे नवी कड तयार होणार नाही. मग लगेच पंख्याखाली रग दोन्ही बाजूंनी मोकळा ठेवा. आधी रगाच्या मागच्या कोपऱ्यात करून बघा. डाग फिका होईल. पूर्ण जाईलच असं मी म्हणणार नाही.

वासासाठी अनेक जण खाण्याचा सोडा टाकायला सांगतात. रग पूर्ण कोरडा असेल तर सोडा भुरभुरून, रात्रभर ठेवून व्हॅक्यूमने ओढून घ्या, चालेल. पण रग दमट असताना सोडा टाकू नका. सोडा अल्कली आहे, आणि ओला ताग अल्कलीने आणखी तपकिरी होतो.

रग फेकू नका, पण त्याचे महिने ठरवा. मुंबई-ठाण्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला वाढायला साधारण ७० टक्के पुरतात. अशा हवेत ताग जमिनीवर ठेवून त्याला वास येऊ नये म्हणणं म्हणजे धाग्यावर अन्याय आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, त्याला दोन दिवस ऊन दाखवा, गुंडाळा, जुन्या सुती साडीत बांधा आणि माळ्यावर फळीवर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बांधाल तर आत राहिलेली ओल तिथेच सडेल. दिवाळीला काढा. मधले महिने सुती सतरंजी अंथरा.

बाळाचं म्हणाल तर तागाचे तंतू सुटत राहतात, त्याखाली बारीक भुकटी साचते, आणि गुडघ्यांना ती वीण बोचते. बाळ चालू लागेपर्यंत सुती सतरंजीच बरी. ती आठवड्याला धुता येते, आणि रांगत्या मुलाच्या घरात तोच सर्वांत मोठा गुण.

*

प्रश्न : आमचं मूळ गाव माण तालुक्यात. आजोबांचं काळं घोंगडं आम्ही ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवलं होतं. या वर्षी उघडलं तर त्याला बारीक भोकं पडली आहेत आणि खाली वाळूसारखा चुरा आहे. धुवावं का? मुलगा म्हणतो, फ्रेम करून भिंतीवर लावू. मला वाटतं, बसायला अंथरावं. आपलं मत सांगा.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर देते, कारण अशी घोंगडी अनेक घरांतल्या ट्रंकांत आहेत आणि त्यांचं असंच होत असणार.

आपण जिला सरसकट कसर म्हणतो ती लोकरीच्या बाबतीत दोन वेगळ्या किड्यांची पिल्लं असतात. एक लोकरी पतंगाची अळी : दुधी रंगाची, स्वतःभोवती रेशमी नळी विणणारी. दुसरी गालिच्याच्या भुंगेऱ्याची अळी : तपकिरी, केसाळ, जागोजागी टाकलेली कात मागे सोडणारी. वाळूसारखा चुरा म्हणजे त्यांची विष्ठा. मोठे झालेले पतंग-भुंगेरे लोकर खात नाहीत, खातात त्या अळ्याच. लोकर ज्या केरॅटिनची बनते ते त्यांना पचतं, आणि घाम, तूप, सांडलेलं अन्न लागलेली लोकर त्यांना जास्त आवडते. त्यांना हवा असतो अंधार, शांतता आणि कुणी न हलवलेलं कापड. बंद ट्रंकेत हे सगळं मिळतं.

डांबराच्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही, कारण त्यांची वाफ हवाबंद जागेत कोंडली तरच ती अळीला मारते. झाकण सैल बसणाऱ्या ट्रंकेत नुसता वास येतो. आणि त्या गोळ्या मला घरात मुळीच नको आहेत. नॅप्थलीनची वाफ जी६पीडी या विकराची उपजत कमतरता असलेल्या बाळांच्या लाल पेशी फोडते. असं बाळ घरात आहे हे बहुतेक आईबापांना ठाऊकच नसतं. गोळ्यांचा वास लागलेले कपडे किंवा दुपटी तर बाळाला कधीच देऊ नका. कडुलिंबाचा पाला ठेवा, त्याने नुकसान नाही. पण पतंगाने घातलेली अंडी त्याने मरत नाहीत, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

आता काय करायचं ते सांगते. घोंगडं गच्चीत न्या, घरात झटकू नका. मऊ ब्रशने दोन्ही बाजू, विशेषतः काठ आणि घड्या, झाडून काढा. अंडी तिथेच असतात. मग ऑक्टोबरच्या कडक उन्हात सकाळी दहा ते चार असं दोन-तीन दिवस वाळत घाला. काळी लोकर चांगलीच तापते. अळ्या उजेडापासून पळून खालच्या बाजूला जातात, म्हणून तासातासाने उलटा. मोठा डीप फ्रीजर हाताशी असेल तर आणखी खात्रीचा मार्ग आहे. घोंगडं पॉलिथीनमध्ये हवाबंद बांधून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार लोकरीवर हवेतलं पाणी जमेल. ट्रंकेचे सांधे, कोपरे आणि ती ज्या कपाटाशेजारी होती त्याच्या फटा व्हॅक्यूमने साफ करा. नुसतं घोंगडं साफ करून भागत नाही.

धुण्याचं मात्र जरा थांबा. घोंगडं मागावरून उतरल्यावर त्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. तिनेच त्याला तो ताठपणा येतो आणि पावसाची पहिली सर वरच्या वर ओघळून जाते. धुतलं की ती खळ उतरते. नुसती धूळ असेल तर झाडणं पुरे. तेलकट, घामट झालं असेल तरच धुवा : थंड पाणी, रिठ्याचा फेस, हाताने दाबायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही. मग सावलीत पसरून वाळवायचं, दोरीवर टांगायचं नाही, नाहीतर ओल्या लोकरीच्या वजनाने ते लांबतं. सोडा असलेली पावडर आणि ‘एंझाइम’वाले साबण लोकरीला अजिबात नकोत. ते एंझाइम प्रथिनांचे डाग पचवण्यासाठी असतात आणि लोकर स्वतः प्रथिनच आहे. गरम पाण्यात घासलं तर लोकरीच्या धाग्यावरचे खवले एकमेकांत अडकतात, घोंगडं आटतं, नमद्यासारखं घट्ट होतं, आणि ते परत पूर्ववत होत नाही.

आता तुमच्या आणि मुलाच्या वादाविषयी. मी तुमच्या बाजूने आहे. घोंगड्याची लोकर दख्खनी मेंढीची. धनगरांच्या घरी बायका तिचं सूत कातायच्या आणि सनगर खड्डामागावर विणायचे. पट्टणकोडोलीसारख्या गावी हे काम अजून होतं. ती लोकर जाडीभरडी आणि केसाळ. अंगाला ती टोचते खरी, पण पायाखाली हाच तिचा गुण, कारण असा राठ धागा दाबला गेला तरी पुन्हा उभा राहतो. तलम मेरिनोचा गालिचा एवढा वावर सोसणार नाही. काचेच्या फ्रेममध्ये घोंगडं बंद केलंत तर पुन्हा तोच अंधार, तीच शांतता, आणि मागे पावसाळ्यात घाम सुटणारी भिंत. अंथरा, रोज कुणीतरी बसू दे, आठवड्याला झटकलं जाऊ दे. ज्या घोंगड्यावर रोज माणूस बसतो त्याला सहसा कसर लागत नाही.

मुलाची हौसही मोडू नका. वर्षातून एखादा महिना भिंतीवर लावायचं असेल तर खिळे ठोकू नका. वरच्या काठाला मागून सुती पट्टी शिवून त्यातून काठी ओवा, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडेल. जागा मात्र खिडकीसमोरची नको, कारण उन्हाने नैसर्गिक काळी लोकरही तांबूस पडते. आणि भोकं रफू करायची तर सुती दोऱ्याने करू नका. लोकरीचंच सूत मिळवा. सुती दोरा ताणला जात नाही आणि शेजारची लोकर फाडतो.

*

प्रश्न : पांढऱ्या लोकरीच्या गालिच्यावर वरणाची वाटी सांडली. साबणाने पुसलं तर पिवळा डाग एकदम लाल झाला. मी घाबरून थांबले. आता ब्लीच लावू का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ब्लीच लावू नका. हायपोक्लोराइटचं ब्लीच लोकर पांढरी करत नाही, ते लोकर विरघळवतं. डाग जाईल आणि त्याच्याबरोबर गालिचाही.

डाग लाल झाला म्हणून घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन साबण-सोड्याशी लाल होतं आणि आंबट पदार्थाशी पुन्हा पिवळं. आधी थंड पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपा, लाली जाईल. मग वरणातलं तूप काढायचं. त्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, तासभर ठेवा, ओढून घ्या, दोनदा करा. उरलेल्या पिवळ्यावर लोकरीसाठीच्या सौम्य द्रवसाबणाचे थेंब पाण्यात घालून पांढऱ्या फडक्याने टिपत राहा, शेवटी साध्या पाण्याने टिपा. फडक्यावर पिवळं यायचं थांबलं की थांबा.

एवढं करूनही फिकट पिवळं राहील. ते उन्हावर सोपवा. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही, म्हणून हळद लागलेला पदर दोरीवर दोन दिवसांत उजळतो. गालिच्याचा तेवढाच भाग सकाळच्या कोवळ्या उन्हात चार-पाच दिवस तासभर ठेवा. बाकीचा गालिचा चादरीने झाका. दुपारचं ऊन नको, त्याने पांढरी लोकर स्वतःच पिवळी पडते.

*

प्रश्न : पुण्यात एका प्रदर्शनात १८ हजारांना चार बाय सहा फुटांचा ‘काश्मिरी सिल्क’ गालिचा घेतला. विक्रेत्याने हाताने गाठी मारलेला आहे असं सांगितलं. चमक फार सुंदर आहे. पण एका ठिकाणी चहा पुसला तर तिथली लव कडक आणि पिवळट झाली. फसलो का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चहाचं वर्णन वाचून तो रेशमी नसावा असं वाटतं. पण आधी तपासा.

गालिचा उलटा करा. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या मागे पुढचीच नक्षी तितकीच स्पष्ट दिसते आणि गाठींच्या ओळी थोड्या वेड्यावाकड्या असतात. मागे कॅनव्हाससारखं कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड. त्यात धागा बंदुकीसारख्या हत्याराने कापडात रोवतात आणि लॅटेक्सने चिकटवतात. काही वर्षांनी ते लॅटेक्स भुगा होऊन गळतं आणि रबराचा वास सुटतो. झालर बघा. गाठींच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचे उरलेले धागे, ते गालिच्याच्या आतूनच आलेले असतात. शिवून लावलेली झालर असेल तर समजून घ्या.

मग दोन-चार धागे मागून उपटा आणि चिमट्यात धरून जाळा. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ते विझतात, आणि उरलेला काळा खडा चिमटीत चुरडला जातो. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राखाडी राख म्हणजे कापूस किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ‘बांबू सिल्क’, ‘आर्ट सिल्क’, ‘बनाना सिल्क’ या नावांखाली बहुधा व्हिस्कोस असतो. तो लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यातून काढलेला सेल्युलोज आहे. ओला झाला की फुगतो, दुबळा होतो आणि वाळताना लव गोळा होऊन पिवळी पडते. तुमच्या चहाच्या जागी हेच झालं असणार. अशा गालिच्याला पाणी लावूच नका, सांडलं तर कोरड्या फडक्याने नुसतं दाबा.

किमतीचा हिशेब स्वतःच करता येतो. काश्मिरी गालिच्यात एका चौरस इंचात ३२४ गाठी, म्हणजे १८ बाय १८, ही नेहमीची वीण. चार बाय सहा फुटांत ३,४५६ चौरस इंच, म्हणजे गाठी ११ लाखांवर. चपळ विणकराच्या दिवसाला आठ हजार गाठी धरल्या तरी एका माणसाचे १४० दिवस होतात, तेही तालीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सांकेतिक लिपीतून प्रत्येक गाठीचा रंग वाचत. यात रेशमाची किंमत, रंगाई, धुलाई अजून धरलेली नाही. १८ हजार भागिले १४० करा. रोजचे १२९ रुपये होतात. एवढ्या पैशात हाताने विणलेला रेशमी गालिचा मिळाला असेल, तर विणणाऱ्याच्या पोटावर पाय देऊनच मिळाला असेल. ही गोष्ट मला खोट्या रेशमापेक्षा जास्त टोचते.

पुढच्या वेळी काश्मिरी हाताने गाठी मारलेल्या गालिच्याचं भौगोलिक मानांकन आणि त्याचं लेबल मागा. भदोही-मिर्झापूरकडचा माल घेत असाल तर ‘गुडवीव्ह’चं लेबल बघा. कैलाश सत्यार्थींनी १९९४ साली ‘रगमार्क’ नावाने ते सुरू केलं, गालिच्यांच्या मागांवर लहान मुलं राबवली जाऊ नयेत म्हणून. बजेट १८ हजारच असेल तर खोट्या रेशमापेक्षा चांगली लोकरी दरी घ्या. त्यात लव नसते, दोन्ही बाजूंनी वापरता येते, आणि बिकानेरकडच्या लोकरीची असेल तर मुलं मोठी होईपर्यंत टिकते.

*

प्रश्न : मडगावला आमच्या घराला मोठा ओटा आहे. पावसात तिथे काय अंथरावं? घायपाताचा रग सुचवला आहे.
– एक वाचक, मडगाव

उत्तर : घायपात उघड्यावर नको. तो धागा बळकट आहे, गावाकडे त्याचे दोर वळतात, पण रगाच्या रूपात तो ओल शोषून फुगतो, वाळताना आखडतो, आणि पाण्याचे डाग तागासारखेच धरतो. घायपात घरात, जास्त वावराच्या कोरड्या पट्ट्यात उत्तम.

ओट्यावर काथ्याच. नारळाच्या चोडात लिग्निन इतकं असतं की कुजवणाऱ्या जीवाणूंना ते सहज पचत नाही. केरळात चोडं महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात मुरवूनच पांढरा काथ्या काढतात. आलप्पुळाला १८५९ साली जेम्स डॅरानं कारखाना काढला तेव्हापासून त्या चटया जगभर गेल्या. तुम्ही उघड्या विणीची चटई घ्या, म्हणजे माती आणि पाणी खाली निथळतं. मागे पीव्हीसी लावलेली घेतलीत तर पाणी आत अडकेल. नवी चटई पहिल्या पावसात तपकिरी पाणी सोडते, फिक्या फरशीवर ते उतरतं. म्हणून आधी अंगणात दोन बादल्या पाणी ओतून निथळवा आणि वाळल्यावरच अंथरा.

*

प्रश्न : बेळगावला आमच्या घरी नवलगुंदचा जुना जमखाना आहे, गडद लाल आणि पिवळा. धुतला तर रंग जाईल का? मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं सासूबाई सांगतात.
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदच्या मुस्लिम बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे जमखाने विणले, त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. विणणाऱ्या आता फार थोड्या उरल्या आहेत, म्हणून तुमचा जमखाना जपा.

सासूबाई सांगतात ते अनेक घरांत करतात, पण मीठ रंगवताना उपयोगी पडतं, रंगून झालेल्या कापडाला त्याने पक्केपणा येत नाही. आणि भिजत ठेवण्यानेच रंग एकमेकांत उतरतात. आधी पारख करा. प्रत्येक रंगावर ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबून धरा. फडक्याला लाल लागला तर घरी धुऊ नका, दोन्ही बाजूंनी झटकून कोरडाच साफ ठेवा. काही लागलं नाही तर थंड पाणी, सौम्य साबण, आणि पटकन काम : फरशीवर पसरा, मऊ ब्रशने धाग्याच्या दिशेने हलकं फिरवा, भरपूर पाणी ओता, आणि घडी न घालता उलट्या बाजूने सावलीत वाळवा. सुती वीण आहे, पाणी सोसेल. ओला असताना पिवळ्या भागावर लाल भाग घडी होऊन पडू देऊ नका, एवढंच सांभाळा.

*

प्रश्न : आमच्याकडे दोन अडचणी आहेत. बाबा ७८ वर्षांचे, गुळगुळीत टाइल्सवर पलंगाजवळची सतरंजी सरकते आणि एकदा ते पडता पडता वाचले. आणि मुलीला धुळीची ॲलर्जी आहे. डॉक्टर म्हणाले, गालिचे कमी करा. सगळंच काढून टाकावं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बाबांच्या पलंगाजवळची सतरंजी आजच काढा. बाकीचं उत्तर नंतर वाचा. सुती सतरंजी हलकी असते, गुळगुळीत फरशीवर तिला पकड नसते, आणि म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा चालेलच असं नाही. दुमडलेला काठ आणि सुटलेली झालर या दोन्हींत अंगठा अडकतो. हौसेने काही अंथरायचंच असेल तर जड लोकरी दरी, काठ सपाट, झालर कापून आत शिवलेली, आणि खाली तिच्याच मापापेक्षा इंचभर लहान नैसर्गिक रबराची जाळी. तरी पलंग ते न्हाणीघर हा रस्ता पूर्ण मोकळाच ठेवा. रात्री बाबा तिथेच उठतात.

मुलीसाठी डॉक्टरांचं ऐका. धुळीतले सूक्ष्म किडे आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत झपाट्याने वाढतात. डोंबिवलीची हवा त्यांना पावसाळाभर मानवते. दाट लवेच्या गालिच्यात ते खोल राहतात, वरून व्हॅक्यूम फिरवलं तरी पुष्कळसे आतच राहतात. म्हणून मुलीच्या खोलीत लवेचा गालिचा नको, काथ्या-ताग तर नकोच, त्यांची भुकटीही नाकाला त्रास देते. जाजम किंवा पातळ सतरंजी चालेल, पण दर आठवड्याला गरम पाण्यात धुता येईल एवढीच लहान घ्या. पाणी ६० अंशांच्या आसपास असेल तर ते किडे मरतात. आणि एवढं गरम पाणी आपल्या धाग्यांत फक्त कापूस सोसतो. सतरंजी झटकताना मुलीला खोलीबाहेर ठेवा. झटकल्यावर तासभर उडालेली धूळ खाली बसू द्या, मग फरशी ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि त्यानंतरच तिला आत येऊ द्या.